'फास्ट कार' आणि चेकआउट गर्ल

'रॉक गाण्याला फिडल आणि स्टील गिटारची फोडणी दिली की झालं कंट्री', हे कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण धाटणीचं संगीत) गायकांनी इतरांची गाणी पुन्हा गाण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते निम्मं पटलं. कंट्री गायक मार्क चेस्नटचं 'आय डोन्ट वॉन्ट टू मिस अ थिंग' ऐका. एरोस्मिथ या रॉक बँडचं मूळ गाणं १९९८चं, त्यानंतर काही महिन्यांतच चेस्नटचं व्हर्जन कंट्रीत पहिल्या नंबरवर. बरं आहे, पण नुसतं कपडे बदलल्यासारखं.

कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने गायलेलं ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' (२०२३) मात्र त्या माळेत बसवू नका. त्याने जवळजवळ काहीच बदललं नाही. ती सुरुवातीची गिटारची घोळणारी सुरावट तशीच, आणि मुख्य म्हणजे गाण्यातल्या 'चेकआउट गर्ल'चा (दुकानात बिलं करणारी मुलगी) 'बॉय' केला नाही! एवढा दाढीवाला गडी स्वतःला दुकानातली मुलगी म्हणवून घेतो आणि तरी जराही खटकत नाही. मला तर दुसऱ्यांदा ऐकताना ते लक्षात आलं.

'मूळ गायकाच्या हाती काय लागतं?' असंही कुणीतरी विचारलंय, त्याबद्दल: इथे शब्द-सूर सगळं एकट्या ट्रेसी चॅपमनचं, त्यामुळे गीतकार म्हणून रॉयल्टी तिलाच. शिवाय सीएमएचं (कंट्री म्युझिक असोसिएशन) 'साँग ऑफ द इयर' पारितोषिक गीतकाराला मिळतं, ते २०२३मध्ये तिला मिळालं, म्हणजे १९८८च्या गाण्याला ३५ वर्षांनी. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. बाई समारंभाला गेल्याच नाहीत, निरोप धाडला फक्त. फेब्रुवारी २०२४च्या ग्रॅमीत मात्र दोघं एकत्र गायले. तिने पहिली सुरावट छेडल्यावर कोम्ब्सचा चेहरा बघा, भक्त दिसतो अगदी.