पहिल्यांदाच स्नोशूइंग: दोन मुलं, सासूबाई आणि बेअर लेक

उंबरठा:
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्वरजवळ अरोराला राहतो. चार वर्षं झाली, पण बर्फाशी संबंध फावड्याने ड्राइव्हवे साफ करण्यापुरताच. स्कीइंगच्या तिकिटांचा चौघांचा हिशोब केला आणि गप्प बसलो. आता जानेवारीत एक दिवस रॉकी माउंटन नॅशनल पार्कात जाऊन ते पायाला सूप बांधून चालतात ना, स्नोशू, ते करावं असं चाललंय.

मुलगी 10, मुलगा 6. सासूबाई 66, ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असतात. रोज दोन मैल चालतात, गुडघे माझ्यापेक्षा बरे, बीपीची गोळी चालू. त्यांना घरी ठेवावं असं आमचं मत. "मी काय घर राखायला आले का इथे?" हे त्यांचं. कुठे जावं, किती चालावं, कपडे सगळे नवीन घ्यावे लागतील का?

ढाकोबा:
ताई, मी लाँगमाँटला असतो, दहा-अकरा हिवाळे जातोय. आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी सह्याद्रीतला अनुभव दाखवायच्या नादात जीन्स घालून पार्कातल्या बेअर लेक तळ्याहून थेट ड्रीम लेक गाठलं. एका बाजूने जेमतेम मैलभर, त्यात काय! वर पोचलो तर वारा असा, की उभं राहवेना. सात वर्षांच्या मुलीचे हातमोजे भिजलेले, ती रडतेय, माझी जीन्स गुडघ्याखाली पत्र्यासारखी कडक. परत येताना तिला पाठुंगळी घेतलं. त्यानंतर तिने दोन वर्षं स्नोशूंना हात लावला नाही.

म्हणून तुम्ही बेअर लेकच्या काठाकाठाने फक्त एक चक्कर मारा. मैलाहून कमी आहे. मुलं ताजी असतील तर निम्फ लेकपर्यंत, अर्धा मैल चढ. तिथून मागे फिरायचं, कोणी कितीही "अजून थोडं" म्हटलं तरी.

उंची मात्र विसरू नका. तुमचं अरोरा म्हणजे जवळपास कळसूबाईचा माथा, 5,400 फूट. बेअर लेक सुमारे 9,450 फुटांवर. घरच्या दोन मैलांचा हिशोब तिथे चालत नाही, दर पन्नास पावलांवर थांबावंसं वाटेल आणि थांबावं. सासूबाईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर गाडीत बसून खाली एस्टेस पार्क गावात या.

स्नोशू, बर्फाचे बूट, वरून घालायच्या वॉटरप्रूफ पँट, काठ्या, सगळं एस्टेस पार्कमध्ये भाड्याने मिळतं. साइझ बुटावरून नाही, वजनावरून ठरतो. पाठीवरच्या पिशवीसकट वजन सांगा, उगाच कमी करून सांगू नका. दुकानातच एकदा बांधून बघा, बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत. चालताना पाय जरा फाकवून टाकायचे आणि मागे-मागे चालायचं नाही. मागची शेपटी रुतते आणि माणूस बसतो. वळायचं तर छोटा गोल घेऊन.

कपड्यांत एकच नियम, सुती काही नको. सुती बनियनसुद्धा नको, घामाने भिजलं की अंगावर थंड पोतेरं. लोकर भिजली तरी ऊब देते, म्हणून घरी विणलेले स्वेटर उत्तम. माकडटोपी आणली असेल तर हसू नका, तिच्यासारखं काही नाही. गाडीतून उतरल्यावर किंचित थंडी वाजली पाहिजे. तेव्हाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार. मुलांच्या हातमोज्यांचा जादा जोड घ्या. गॉगल आणि सनस्क्रीनही, हनुवटीच्या खालीसुद्धा लावा, ऊन बर्फावरून उलटं येतं.

तिखटमीठ:
ढाकोबांशी थोडी असहमत. शनिवार-रविवारी बेअर लेकची वाट इतकी तुडवलेली असते की स्नोशूची मजाच येत नाही, बुटांखाली काटे लावून चाललेलं बरं. ताजा बर्फ पडल्यानंतर जा, तेव्हा भुसभुशीत असतो. सहा वर्षांच्या मुलासाठी मी आधी स्प्रेग लेकला नेईन. 8,690 फूट, म्हणजे थोडं खाली, आणि वाट जवळपास सपाट. वारा लागतो तिथे, ते खरं.

दोन गोष्टी राहिल्या. गोठलेल्या तळ्यावर सगळे चालताना दिसतील, तुम्ही मुलांना जाऊ देऊ नका. बर्फ कुठे पातळ आहे ते वरून कळत नाही. आणि निघण्याआधी कोलोरॅडोच्या अ‍ॅव्हलांच (हिमस्खलन) केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज वाचा. तळ्याभोवतीची वाट सौम्य आहे, पण कोणीतरी पायवाट पाडली म्हणून तिच्यामागे उभ्या उताराखाली जाऊ नका. सपाटीवर असलात तरी वरचा उतार खाली येऊ शकतो.

चिक्की नेऊ नका, दगड होते. तूप-साखरेच्या पोळीचे रोल आतल्या खिशात ठेवा. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, झाकण मोकळं राहतं.

उंबरठा:
दोघांचे आभार. आधी स्प्रेग, मग जमलं तर बेअर लेक. पण सासूबाईंचं अजून ठरत नाही. आणि पार्काची फी गाडीमागे आहे ना?

ढाकोबा:
गाडीमागे. पण सासूबाई 62 च्या वर आणि ग्रीन कार्डधारक, म्हणजे त्यांना आयुष्यभराचा सीनियर पास 80 डॉलरमध्ये मिळतो. त्यावर गाडीतले सगळे आत. अट एकच, पास ज्याच्या नावावर तो माणूस ओळखपत्रासकट गाडीत हवा. आता ठरवा कोणाला घरी ठेवायचं ते.

उंबरठा:
जाऊन आलो! पास सासूबाईंनी रेंजरच्या हातात स्वतः दिला. स्प्रेगला पूर्ण चक्कर झाली. लेकाने दोनदा मागे चालून बघितलं, दोनदा बसला. बेअर लेकला गाडी लावायला जागाच नव्हती, अकरा वाजून गेले होते, तिथूनच परत. सासूबाई सलवारीवर भाड्याची वॉटरप्रूफ पँट आणि माकडटोपी अशा थाटात. सलवार सुतीच होती, ऐकलं नाही. थर्मासमधला आल्याचा चहा त्यांनी एका अनोळखी जोडप्यालाही पाजला.

आता त्यांना स्वतःचे स्नोशू विकत हवेत. वजन 58 किलो. कुठला साइझ?

तिखटमीठ:
साधारण 128 पौंड. कपडे-पिशवी धरून 140 समजा. बायकांचे 21-22 इंची पुरतील. हंगाम संपताना घ्या, स्वस्त पडतात. आणि पुढच्या वेळी आठच्या आत पार्किंगला.