सौरज्वालेतील क्ष-किरणांचे ध्रुवण: झोताचे किती, परावर्तनाचे किती? (मदत हवी आहे)

नमस्कार. 'ध्रुवीकरण' म्हटले की हल्ली राजकारणच डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे 'ध्रुवण' (किरणांची कंपने एका ठरावीक दिशेत अधिक असणे) हा जुना शब्द वापरतो आहे.

सौरज्वालेत, म्हणजे सूर्यावरील अचानक होणाऱ्या ऊर्जास्फोटात, वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीच्या पायथ्याशी, वर्णमंडलातील (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरील थरातील) दाट वायूत शिरतात आणि तेथील आयनांजवळून जाताना कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण सोडतात. इलेक्ट्रॉनांचा झोत सरळ खाली जातो असे धरून मी संगणकावर गणित केले, तेव्हा सूर्यबिंबाच्या मध्यावरील ज्वालेचे रेषीय ध्रुवण सममितीमुळे शून्य आले आणि ज्वाला कडेकडे सरकवली तसे ते वाढत गेले. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे झाले.

अडचण पुढे आहे. खाली गेलेल्या फोटॉनांपैकी काही प्रकाशमंडलात (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागात) कॉम्प्टन प्रकीर्णन (इलेक्ट्रॉनांवर आदळून दिशा बदलणे) होऊन परत वर येतात, आणि प्रकीर्णनामुळे त्यांना स्वतःचे ध्रुवण मिळते. त्यामुळे इलेक्ट्रॉन सर्व दिशांना सारखे विखुरलेले धरले, तरी कडेजवळ थोडे ध्रुवण उरतेच. मग मोजमापात पाच-सात टक्के आले, तर ते झोताचे मानावे की परतलेल्या किरणांचे? हा परतलेला वाटा ३० ते ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) आसपास सर्वाधिक असतो आणि बऱ्याच वरच्या ऊर्जांना नगण्य होतो, म्हणून दोन ऊर्जापट्ट्यांतील ध्रुवणाची तुलना करावी असा माझा विचार आहे; परंतु वरच्या पट्टीत फोटॉनच इतके कमी मिळतात की त्रुटी उत्तराएवढी होते.

प्रत्यक्ष निरीक्षणांनी गोंधळ वाढवला. रेसी (RHESSI) या नासाच्या सौर उपग्रहाच्या नोंदींतून २३ जुलै २००२ च्या ज्वालेसाठी ०.२ ते १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्टीत २१ ± ९ टक्के ध्रुवण निघाले, तर कोरोनास-एफ या रशियन सौर उपग्रहाच्या नोंदींतून २९ ऑक्टोबर २००३ च्या ज्वालेसाठी ४० ते १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ७० टक्क्यांहून अधिक. ज्वाला वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या, हे मान्य. तरीही दुसरा आकडा माझ्या गणितात काही केल्या बसत नाही.

आणखी एक व्यावहारिक शंका आहे. रेसी सुमारे चार सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेत असे आणि ध्रुवणाची खूण प्रत्येक फेरीत दोनदा उमटते. मात्र तेवढ्या वेळात ज्वालेचे तेजही बदलत असल्याने खोटी खूण तयार होऊ शकते. प्रत्येक संवेदकाच्या नोंदीला सर्व संवेदकांच्या एकूण नोंदीने भागणे पुरेसे आहे का, की पृथ्वीच्या वातावरणावरून विखरून आलेले फोटॉन आधी वेगळे काढावे लागतात? ज्यांनी हे विश्लेषण केले आहे, त्यांनी कृपया कोणता क्रम पाळला ते सांगावे.