रस्त्यावरचा माजी सैनिक आणि ‘त्यांना सगळे मिळते’ म्हणणारे आपण

कृष्णाकाठ (धागाकर्ती):
काल इथल्याच एका धाग्यावर ‘सह्यकडा’ यांनी असे लिहिले की पेन्शन, लष्करी कॅन्टीन आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची वैद्यकीय योजना) मिळत असताना सैनिक रस्त्यावर राहूच शकत नाही. जो राहतो तो एक तर तोतया असतो किंवा दारुडा. त्याखाली इतक्या जणांनी माना डोलावल्या की तिथे चार ओळी लिहून माझे समाधान होईना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

जवानाला पेन्शन लागू होते ती पंधरा वर्षे भरल्यावर. त्याआधी आजारपणामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा अन्य कारणाने जो बाहेर पडला, तो बहुतेक वेळा नॉन-पेन्शनर राहतो, आणि २००३ मध्ये सुरू झालेली ईसीएचएस मुख्यतः पेन्शनरांसाठीच आहे. अशा माणसाला ६५ वर्षांनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाचे निर्वाह अनुदान मिळू शकते. हवालदार पदापर्यंतच्या या लोकांसाठी ते महिना ४,००० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यासाठी डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारे नोंदपुस्तक), ओळखपत्र, बँक खाते आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची शिफारस लागते.

आमच्या रात्र निवाऱ्यात आलेल्या एका आजोबांचे डिस्चार्ज बुक मुलाच्या घरी, पलंगाखालच्या काळ्या ट्रंकेत होते. मुलगा दार उघडत नव्हता. दुय्यम प्रत काढायची तर पुस्तक हरवल्याची पोलिसांत नोंद करायला सांगितली गेली, आणि ठाण्यात ‘हरवले कुठे, ते तर घरी आहे’ असे उत्तर मिळाले. आधारवर पत्ता मुलाचा, बँकेचे पासबुकही त्याच ट्रंकेत. आजोबांना स्वतःचा सैनिक क्रमांक मात्र अडखळल्याशिवाय सांगता येत होता. तेवढ्यावर आम्ही रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, पत्र लिहिले. उत्तर येईपर्यंतचे महिने त्यांनी कुठे काढायचे, याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

माझी मागणी एवढीच आहे: जिल्ह्याजिल्ह्यांत जी सैनिकी विश्रामगृहे आहेत, तिथे दोन खाटा अशा माणसांसाठी राखाव्यात. आधी छप्पर द्यावे आणि कागद नंतर गोळा करावेत.

सह्यकडा:
माझ्या लिखाणातील एका वाक्यावर आपण संपूर्ण धागा उभा केला आहे. माझा आक्षेप सैनिकांवर नव्हता, त्यांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्यांवर होता. आमच्या वसाहतीत लष्करी टोपी घातलेला एक गृहस्थ कारगिलच्या गोष्टी सांगून घरोघर मदत मागत असे. माझ्या आईने त्याला तीनदा पैसे दिले. पुढे कळले की तो कधीही सैन्यात नव्हता. ‘आधी छप्पर, मग कागद’ हे तत्त्व लागू केले, तर त्या दोन खाटांवर पहिला तोच येऊन झोपेल.

शिवाय विश्रामगृह हे कामानिमित्त जिल्ह्याच्या गावी आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि विधवांसाठी असते. तिथे आजारी वृद्ध कायमचा ठेवला, तर त्याचे अंथरूण कोणी बदलायचे, औषध कोणी द्यायचे? ज्याला मुले आहेत त्याची जबाबदारी मुलांची आहे. सरकारने ती उचलली की उरलेले मुलगेही बापाला बाहेर काढायला मोकळे होतील.

निवृत्त हवालदार:
तोतयाची भीती मला मान्य नाही. कोणत्याही जुन्या जवानाने समोरच्याशी पाच मिनिटे बोलावे: ट्रेनिंग कुठे झाले, कंपनी कोणती, सुभेदार मेजर कोण होते. खोटे लगेच उघडे पडते. खातरजमा करायची तर मराठा रेजिमेंटचे रेकॉर्ड बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. क्रमांक खरा असेल तर माणूस सापडतो.

मला राग येतो तो आमच्याच संघटनांचा. ‘एक पद, एक पेन्शन’साठी आम्ही उन्हातान्हात बसलो आणि ते योग्यच होते. २०२० मध्ये राज्याने माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली, तेव्हा पेढे वाटले. पण घरपट्टी माफ होते ती ज्याला घर आहे त्याची! सैन्याची गृहनिर्माण संस्था १९७८ पासून घरे बांधते, तीही ज्याच्याकडे हप्ता भरायला पैसे आहेत त्याच्यासाठीच. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी आमच्या बैठकीत आजवर ठराव झालेला मी पाहिलेला नाही, आणि विषय काढला तर ‘तो नॉन-पेन्शनर आहे’ म्हणून पुढच्या विषयाकडे जातात. एकाच खंदकात राहिलेल्या माणसांत ही भिंत आम्हीच घातली आहे.

राहिला प्रश्न मुलांचा. बापाने अर्धी हाडे सीमेवर झिजवली, आणि मुलगा त्याच्या जमिनीवर बंगला बांधून त्याला स्थानकावर सोडतो. अशांची नावे चावडीवर लावली पाहिजेत.

कोयनेची लेक:
हवालदारसाहेब, नाव लावायचेच असेल तर आमचे लावा.

माझे सासरे सैन्यातून बारा वर्षांनी परत आले. रात्री झोपेतून ओरडत उठायचे, दारू प्यायचे आणि सासूबाईंना मारायचे. शेजारी त्यांना ‘मेजर’ म्हणून नमस्कार करायचे, आणि आम्ही आतून कडी लावून बसायचो. एका रात्री त्यांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या अंगावर पाट भिरकावला. त्यानंतर मी नवऱ्याला स्पष्ट सांगितले की ते तरी राहतील किंवा मी आणि मुलगी तरी. ते घर सोडून गेले. गावाने आम्हाला वाळीत टाकल्यासारखे वागवले, पण त्या आधीच्या दहा वर्षांत एकही माणूस विचारायला आला नव्हता.

त्यांना आजार होता, हे मला नंतर समजले. तेव्हा कोणीही सांगितले नाही, रेजिमेंटनेही नाही आणि दवाखान्यानेही नाही. येथे प्रत्येक जण मुलासुनेला शिव्या देऊन मोकळा होतो, म्हणून लिहिते आहे.

निवृत्त हवालदार:
ताई, आपल्यावर जे गुजरले त्याचे मला दुःख आहे. पण एका घरातील अनुभवावरून सर्व मुलांना निर्दोष ठरवू नका. माझ्या गावात बापाच्या नावची दीड एकर बक्षीसपत्राने लिहून घेतली आणि महिन्याभरात त्याचे ताट बंद केले. तिथे ना दारू होती ना मारहाण.

कोयनेची लेक:
आणि आपण त्या एका घरावरून सर्व सुनांची नावे चावडीवर लावायला निघाला आहात. आपल्या ताटात अन्न पडत होते तेव्हा ते वाढणारी कोण होती, याचाही विचार करा.

कोल्हापूरचा वकील:
भांडण जमिनीवर आलेच आहे, तर दोन्ही घरांना उपयोगी पडेल ते सांगतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि या कायद्याखालचे न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकते, असे म्हटले. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. मात्र सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल तर काम सोपे होते, आणि आमच्याकडे येणारे निम्मे जुने जवान मुलावर अविश्वास दाखवायचा नाही म्हणून तीच अट गाळून आलेले असतात.

ताईंच्या सासऱ्यांसारख्या प्रकरणात मार्ग वेगळा आहे. नोकरीत मानसिक आजार झाला आणि लष्कराच्या वैद्यकीय बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारून घरी पाठवले, अशा अनेकांना अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. २०१३ च्या धरमवीर सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेमुळेच झाला असे सर्वसाधारणपणे धरले पाहिजे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. अशी प्रकरणे सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे नेता येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यांना हे कलमासह लेखी द्या. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

कृष्णाकाठ:
ताईंचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. मुलगा वाईट आहे की बाप, याचा निवाडा लागेपर्यंत म्हातारा फलाटावरच असतो, आणि म्हणूनच निवारा कुटुंबावर अवलंबून असता कामा नये. एका कार्यालयातील कर्मचाऱ्याने आमच्या आजोबांना ‘आधी मुलाशी समेट करा, मग बघू’ असे सांगितले होते. ज्या घरात मारहाण झाली तिथे समेट लादला, तर आणखी एक सून कडी लावून बसेल. कर्जतची श्रद्धा संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. ते काम मोलाचेच आहे, पण ज्याला घरी परत नेणेच धोक्याचे आहे त्याच्यासाठी दुसरे दार हवे.

‘सह्यकडा’, अंथरूण कोणी बदलायचे हा आपला प्रश्न रास्त आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात कमरेखाली अधू झालेल्या जवानांची शुश्रूषा १९७४ पासून होते आहे. अशी शुश्रूषा आपल्याकडे जमते, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्या दोन खाटा नाहीत, हे मीही मानते. चालत्या-फिरत्या माणसाला रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर येईपर्यंतची जागा मी मागते आहे.

सह्यकडा:
नॉन-पेन्शनरांची स्थिती मी लिहिली त्याहून वेगळी आहे, एवढे मान्य करतो. खाटांना माझा विरोध कायम नाही, पण तीन अटी आहेत: आलेल्या दिवशीच सैनिक क्रमांक रेकॉर्ड ऑफिसला ईमेलने कळवावा, मुक्कामाला तीन महिन्यांची मर्यादा असावी आणि दारू पिऊन येणाऱ्याला जागा देऊ नये.

कोयनेची लेक:
तिसरी अट घातली, तर माझ्या सासऱ्यांना पहिल्याच रात्री बाहेर काढले असते. ज्याला उपचार हवे आहेत त्यालाच दार बंद करायचे असेल, तर त्या खाटा कोणासाठी आहेत, हे आपण सांगा.

निवृत्त हवालदार:
ताईंचे याबाबतीत बरोबर आहे, जरी मुलांविषयी माझे मत बदललेले नाही. येत्या रविवारी आमच्या तालुका संघटनेची बैठक आहे. खाटांचा ठराव मी मांडतो. तिसऱ्या अटीऐवजी पिणाऱ्याला जिल्हा रुग्णालयात नेऊन परत आणण्याची जबाबदारी संघटनेने घ्यावी, असे त्यात लिहितो. कृष्णाकाठताई, मसुदा पाठवा, आणि त्या आजोबांची रेजिमेंट कोणती तेही कळवा.