गडचिरोलीत घराची कमाई वीस वर्षांत खरंच वाढली का? आणि पुढची वीस वर्षं कशावर वाढणार?

धानोऱ्याचा
मागच्या महिन्यात घर शाकारताना बाबांच्या जुन्या वह्या सापडल्या. धान किती पोती झालं, सोसायटीत काय भावानं गेलं, तेंदूचे (बिडीच्या पानाचे) किती पुडे बांधले, रोजी किती दिवस लागली, सगळं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. २००४-०५ ला सरकारचा धानाचा भाव क्विंटलला ५६० होता, आमचं वीस क्विंटल गेलं, म्हणजे ११,२०० रुपये. २०२४-२५ ला भाव २३००, धान तेवढंच वीस क्विंटल कारण बांध्या (धानाची शेतं) त्याच आणि पाणी वरचंच, झाले ४६,००० रुपये. बघायला चौपट दिसतं. पण तेव्हा नागर आमचा होता, बैल आमचे होते, रोवण्याला (धानाच्या लावणीला) बाया एकमेकींच्या बांधीत जायच्या, आता ट्रॅक्टर तासावर, रोवणा रोखीवर, खत औषध उधारीवर. हे सगळं वजा केलं तर बाबांच्या हातात जे उरायचं त्याच्यापेक्षा माझ्या हातात फार काही जास्त उरत नाही, हे मी दोन रात्री बसून मांडलंय म्हणून सांगतोय.

रोजगार हमीचंही तेच. २०११ ला १२७ रुपये रोज होता, २०२४-२५ ला २९७. भाव वाढला म्हणून कमाई वाढली असं आपण धरतो आणि तिथंच चुकतो, असं माझं स्पष्ट मत झालंय. कमाई वाढते ती घराकडे किंवा गावाकडे अशी काही वस्तू आली की जिचा भाव आपण ठरवू शकतो तेव्हाच. आमच्या तालुक्यात तर त्याचं उदाहरण समोर आहे, मेंढा (लेखा). २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि त्यातला माल विकायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, २७ एप्रिल २०११ ला बांबू बाहेर न्यायच्या वाहतूक परवान्याचं बुक ग्रामसभेच्या हातात आलं आणि तिथून बांबू गावानं स्वतः विकायला सुरुवात केली. गावच्याच देवाजी तोफांचं, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचं पाव शतकापेक्षा जास्त काम त्याच्या मागे होतं. त्याच्या आधी तोच बांबू पेपर मिलला जायचा आणि गावाला मिळायची फक्त कटाईची रोजी.

म्हणून मला वाटतं दुर्गम भागात पुढची वीस वर्षं जंगलाच्या मालकीवरच निघतील, खाणीच्या पगारावर नाही. कोणाला पटत नसेल तर सांगा, पण हिशोबानं सांगा.

एटापल्ली ते आलापल्ली
दादा, हिशोबानंच सांगतो. आमच्या घरी तीन एकर बांधी, आई-बाबा तेंदू मोह सगळं करायचे, तरी भादव्यात दुकानदाराकडं उधारी असायचीच. माझा लहान भाऊ सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडं ड्रायव्हर म्हणून लागला, आज त्याला तीन वर्षं होऊन राहिली. दर महिन्याला खात्यात पगार, पीएफ कटते, त्या पगाराच्या कागदावर बँकेनं घराला कर्ज दिलं. तुमच्या ग्रामसभेच्या ठरावावर बँक कर्ज देते का? नाही देत. आणि २०२५ च्या १ जानेवारीला तर मुख्यमंत्री स्वतः कोनसरीला, खाणीच्याच कंपनीच्या कारखान्यावर, येऊन कामगारांना कंपनीचे शेअर देऊन गेले, म्हणजे नुसती मजुरी आहे असंही म्हणता येत नाही आता. त्याच दिवशी गर्देवाडा-वांगेतुरी या आतल्या गावांकडं पहिल्यांदा एसटी गेली. रस्ता, गाडी, पगार, हे तिन्ही एकाबरोबर एक येतात. बांबू विकायला पण रस्ता लागतेच ना. मालकी मालकी करून आमच्या दोन पिढ्या वाट बघत बसल्या, तिसरीनं नाही बसायचं असं मला वाटते.

धानोऱ्याचा
भाऊ, तुमच्या भावाच्या पगाराबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही, घर झालं याचा आनंदच आहे. माझा प्रश्न दोनच गोष्टींचा. घरात चार कमावते हात असतील तर नोकरी एका हाताला लागते, बाकी तीन काय करतात? आणि लोखंड एकदा काढलं की परत उगवत नाही, बांबू तोडला तर पावसाळ्यात नवा वास्ता (कोंब) फुटतो. तुमच्या भावाचा मुलगा तीस वर्षांचा होईल तेव्हा त्या डोंगरात काय उरलेलं असेल, याचा हिशोब वहीत कुठं लिहायचा?

एटापल्ली ते आलापल्ली
त्याचा मुलगा तीस वर्षांचा होईपर्यंत त्या पगारावर शिकून इंजिनीयर होईल, हाच तर हिशोब आहे. लोखंड संपेल पण शिक्षण संपत नाही.

कुरखेड्याचे गुरुजी
मी २६ वर्षं या जिल्ह्यात शिकवतोय त्यामुळे शेवटचं वाक्य मला पटतं, पण थोडं वेगळ्या अंगानं सांगतो. माझ्या हातून गेलेल्या मुलांत ज्यांच्या घरची परिस्थिती कायमची बदलली ते नर्स, पोलीस, वनरक्षक, ग्रामसेवक आणि दोन-तीन शिक्षक झालेले. जंगलावर नाही, खाणीवरही नाही, नेमणुकीच्या कागदावर. पण त्यातला एकही परत गावात राहायला आला नाही. घर वर आलं, गाव तिथंच. आणि जी दहावीला अडकली ती दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात, बायको-मुलांसकट, शाळेतला अर्धा वर्ग रिकामा होतो. मला काळजी त्या रिकाम्या बाकांची आहे. मुलगा वर्षातून दोन महिने शाळेबाहेर राहिला की नेमणुकीचा कागद त्याच्या नशिबात येत नाही, म्हणजे पुढच्या पिढीची कमाई तिथंच ठरून जाते. ज्या गावाला उन्हाळ्याच्या आधी गावातच काम मिळतं त्या गावाची मुलं माझ्या वर्गात दिसतात, हे मी स्वतः हजेरीत बघितलंय. ते काम बांबूचं असो नाहीतर तलावाच्या गाळाचं.

मोहवाली
सगळे पुरुषच हिशोब मांडताहेत म्हणून लिहिते. आमच्या भागात घरचा रोख पैसा बाई आणते, मोहाची फुलं वेचून, टोळी (मोहाच्या बिया) गोळा करून, कोंबड्या विकून. आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो, धानोऱ्याच्या दादांच्या बाबांच्या वहीतही नसेल बहुतेक. पहाटे चारला टोपली घेऊन जायचं, उन्हं चढायच्या आत वेचायचं, वाळवायचं, आणि एप्रिलमध्येच विकून टाकायचं कारण घरात साठवायला जागा नाही, ओल लागली की काळा पडतो, आणि लग्नसराईला पैसा लागतो. तोच मोह पावसाळ्यात आमच्याच आठवडी बाजारात चढ्या भावानं विकला जातो, मीच विकलेला मीच विकत घेतलाय बैलाला चारायला. मधला सगळा फायदा ज्याच्याकडे कोरडी खोली आहे त्याचा. आमच्या बचत गटानं दोन वर्षांपूर्वी समाजमंदिराची एक खोली मागून घेतली, फळ्या टाकल्या, पोती जमिनीपासून वर ठेवली, चार महिने थांबलो. हातात जे जास्तीचे आले त्यात सात बायांनी शेळ्या घेतल्या. खाणीची नोकरी आमच्यातल्या कोणालाच मिळाली नाही आणि मिळणारही नाही, आम्ही निम्म्या अंगठेवाल्या. कमाई वाढवायची तर आधी कोरडी खोली द्या, मग बाकीचं बोलू.

मूळचा आरमोरीचा
मी हैदराबादला असतो, पण दोन्ही बाजूंनी जे सुटतंय ते लिहितो, जरा लांबेल. तेंदूचा अनुभव कोणी का सांगत नाही? पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्कानंतर ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः केले, मालकी हातात आली, बरोबर. पण भाव कोण ठरवतं? बिडीचा धंदा. २०१७ ला जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के लागले. बिडी ओढणारे कमी होत चाललेत आणि ते कमी व्हावेत असंच आपल्याला वाटायला पाहिजे. आमच्या मामाच्या गावात एक वर्ष ठेकेदारानं माल उचलला आणि बोनस द्यायच्या वेळी फोन बंद. ग्रामसभेकडं करार होता पण कोर्टात जायला पैसा आणि वेळ कोणाकडं होता? त्या वर्षी मामेबहिणीचं कॉलेज सुटलं. म्हणजे मालकी असून भाव आपला नाही, वसुली आपली नाही. बांबूलाही हेच लागू. बांबूला फुलोरा आला की रानच्या रान वाळतं, परत तोडण्याजोगं व्हायला वर्षं जातात. त्या मधल्या वर्षांत मेंढ्यासारख्या गावानं काय खायचं? एकाच वस्तूवर उभं राहणं, मग ती खाण असो की बांबू, सारखंच धोक्याचं आहे.

धानोऱ्याचा
आरमोरीकर, तेंदूचं तुम्ही बरोबर बोट ठेवलंत, ते मी माझ्या मांडणीत सोडलं होतं हे मान्य. पण पाचगावचं बघा, चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुका. २०१२ ला हक्क मिळाला आणि त्यांनी ठरवून तेंदू बंद केला, कारण पानासाठी झाडं छाटतात, आगी लावतात, आणि त्यात बाकीचं जंगल जातं. बांबूवर राहिले. गावाला असं नाही म्हणता आलं ते मालकी हातात होती म्हणूनच. खाणीतल्या कामगाराला यंदा डोंगर नको खोदू असं म्हणता येईल का? माझा मुद्दा पैशाइतकाच या नाही म्हणण्याचा आहे. आणि मेंढ्यात मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात जातो, अडल्या घराला तिथून उचल मिळते, हे फुलोऱ्याच्या वर्षासाठीच तर आहे.

मोहवाली ताई, तुम्ही लिहिल्यावर मी वही परत काढली. मोहाची एकही ओळ नाही. आईला विचारलं, ती म्हणाली तेलमीठ आणि तुमची शाळेची कापडं त्याच्यावरच होती. म्हणजे माझा वीस वर्षांचा हिशोब अर्धाच आहे.

भामरागड
एक राहिलं. आजारपण. पर्लकोटा नदीला पूर आला की आमचा रस्ता बंद होते, त्या दिवसांत बाळंतीण अडली की नावेनं, खाटेवर, मग भाड्याच्या गाडीनं अहेरीला नाहीतर चंद्रपूरला. आमच्या शेजाऱ्यानं पाच वर्षं जमवलेलं एका आठवड्यात गेलं, बैलजोडी पण गेली. हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना १९७३ पासून आहे म्हणून आमच्या पट्ट्यातली किती घरं कर्जातून वाचली ते कोणी मोजलं नाही, पण वाचली. कमाई वाढवणं एक, हातातली टिकवणं दुसरं. तुमचा दोघांचा वाद पहिल्यावरच चालू आहे.

एटापल्ली ते आलापल्ली
भामरागडच्या दादाचं खरं आहे. भावाचा कामावरचा विमा आहे म्हणून मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं, नाहीतर बांधी गहाण गेली असती. म्हणून मी अजूनही म्हणतो की पगाराची नोकरी आधी. पण ताईंचं वाचून आईला विचारलं, तिचा मोह पण एप्रिलमध्येच जाते. आमच्याकडं आता पक्क्या घराची एक खोली रिकामी आहे, भावाच्याच पगारातली. ताई, फळ्या जमिनीपासून किती वर ठेवल्या आणि पोत्यात कडुलिंबाचा पाला टाकता की अजून काही? आणि धानोऱ्याचे दादा, बाबांच्या वहीत रकाने कसे पाडलेत त्याचा फोटो टाका, यंदापासून आईच्या नावाचा रकाना घालून आमच्याकडं पण लिहायला घेतो.

मोहवाली
दोन विटा आडव्या, त्यावर फळी, भिंतीपासून हातभर लांब. पाला टाका पण पूर्ण वाळलेला, ओला टाकला तर सगळा माल जाईल. आणि पोती भरायच्या आधी मोह चांगला खडखडीत झाला की नाही ते आईलाच बघू द्या, तिला हाताला कळतं.