गोळी मागितली की पेशंट लगेच संशयित?

दौलतगंजची सून

सासूबाईंच्या कमरेची दोन ऑपरेशनं झाली. मणके जागेवर आले, दुखणं गेलं नाही. उजव्या पायात टाचेपर्यंत सणक जाते. रात्री कूस बदलायची तर पलंगाची कड धरून, श्वास रोखून. नसांच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिनने झापड येऊन न्हाणीघरात पडल्या. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, म्हणून त्याही बंद. शेवटी डॉक्टरांनी कमी मात्रेत ट्रामाडोल, म्हणजे अफूवर्गातली वेदनेची गोळी, दिलं. आता पूजा होईपर्यंत बसू शकतात, गच्चीवर जाऊन तुळशीला पाणी घालतात.

आणि आजूबाजूला काय चाललंय? पुण्याहून नणंदबाईंचा फोन: "आईला व्यसनाची गोळी कोणी सुरू केली?" मेडिकलवाला चिठ्ठी उजेडात धरतो, उलटी करून बघतो, मग मला बघतो. दोन दुकानांत तर "आम्ही ठेवतच नाही".

माझं म्हणणं सरळ आहे. व्यसनाची भीती खोटी नाही, पण आपल्याकडे ती दुसऱ्याचं दुखणं न बघण्याची सोय झाली आहे. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला आणि कॅन्सरच्या पेशंटला लागणारं मॉर्फीन देशातून जवळजवळ गायब झालं. 1997 पर्यंत अख्ख्या देशाचा वर्षाचा वापर 20 किलोंच्या आत आला होता. इतके परवाने लागायचे की हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने एकाच परवान्यावर भागू लागलं. तोवर जे तळमळत गेले, त्यांचा हिशोब कोणी मागितला नाही. आणि हे कुठे, तर ज्या राज्यात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून मॉर्फीन निघतं आणि नार्कोटिक्स कमिशनरचं ऑफिस आपल्या ग्वाल्हेरच्या मुरारमध्ये आहे!

ज्यांना वाटतं की कायदा अजून कडक हवा, त्यांनी सांगावं: सासूबाईंनी काय करावं?

मुरारवाला

ताई, तुमच्या सासूबाईंचं दुखणं खरं आहे. माझ्या चुलतभावाचंही खरं होतं. झाशी रोडवर मोटरसायकल घसरली, मांडीत रॉड पडला. हाड जुळलं, गोळी सुटली नाही. आधी मांडी दुखते म्हणून घ्यायचा. मग न घेतल्याने अंग मोडून येतं म्हणून. नाकातून पाणी, जांभयांवर जांभया, पोटात कळा, रात्रभर पाय झटकत बसायचा. जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. एका दुकानातून एक स्ट्रिप, मग पुढचं दुकान. एके दुपारी जेवता जेवता ताटावरच फिट आली. ट्रामाडोल फार झालं की झटके येऊ शकतात, हे आम्हाला तेव्हा न्यूरोच्या डॉक्टरांकडून कळलं. गोळी लिहिणाऱ्याने आणि विकणाऱ्यांनी तोवर अवाक्षर काढलं नव्हतं.

2018 मध्ये सरकारने ट्रामाडोल एनडीपीएसखाली घेतलं ते उगाच नाही. उशीरच केला.

आणि "दुखणाऱ्या माणसाला व्यसन लागत नाही" ही थाप कुठून आली तेही ऐका. 1980 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका परिच्छेदाचं पत्र छापून आलं: हॉस्पिटलात अफूवर्गीय औषधं दिलेले 11,882 पेशंट, व्यसन लागलेले चार. भरती असलेले पेशंट, नर्सच्या हातून मिळालेलं औषध. घरी महिनोन् महिने गोळ्या खाणाऱ्यांचा त्यात संबंधच नाही. पण त्याच पत्राचा दाखला देत पुढची कित्येक वर्षं धंदा झाला. ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी विकणाऱ्या पर्ड्यू फार्माने 2020 मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. तिच्या जोडकंपनीने 2007 मध्येच केला होता.

दालबाजार

नणंदबाई पुण्याहून औषध बदलायला सांगतात, इथे येऊन रात्र जागायला नाही. हे सार्वत्रिक आहे, चालू द्या.

जुना ग्वाल्हेरकर

आमच्या आईने आयुष्यभर गुडघे सहन केले, हूं का चूं केलं नाही. आजकाल जरा दुखलं की गोळी. सहनशक्ती नावाची गोष्टच उरली नाही.

दौलतगंजची सून

काका, त्यांनी हूं का चूं केलं नाही, की केलं तरी घरात ऐकायला कोणी नव्हतं? राग मानू नका, पण बायकांच्या दुखण्याला सहनशक्तीचं सर्टिफिकेट लवकर मिळतं.

मुरारवाला भाऊ, तुमच्या भावाचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुम्ही दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं, व्यसन वेगळं. बीपीच्या काही गोळ्या अचानक बंद केल्या तरी बीपी उसळतं, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. नुकसान दिसत असूनही गोळीच्या मागे धावणं, खोटं बोलणं, मात्रा आपल्या मनाने वाढवत नेणं, हे व्यसन. सासूबाईंची मात्रा डॉक्टरांनी ठरवली तेवढीच आहे, उलट मीच आठवण करून देते तेव्हा घेतात.

अमेरिकेचंच उदाहरण पुरं करा की. 2016 मध्ये तिथे या गोळ्या लिहून देण्याबाबत सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या आणि घाबरलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षांच्या पेशंटच्या गोळ्या एकदम तोडल्या. 2019 मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेलाच इशारा द्यावा लागला की असं अचानक तोडल्याने लोकांचे हाल होतायत, काही आत्महत्येपर्यंत गेलेत. 2022 मध्ये सूचना सुधारल्या. कडकपणाचाही बळी असतो.

काउंटरच्या आतून

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मेडिकल चालवतो. वडिलांपासून दुकान आहे, म्हणून लिहितो.

ताई, आम्ही चिठ्ठी उलटी करून बघतो ते तुमच्यावर संशय म्हणून नाही. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं. तीन वर्षं सांभाळायचं. वर 2018 नंतर एनडीपीएस आलं, म्हणजे गडबड सापडली तर नुसता दंड नाही, जेलची भाषा. महिन्याला चार स्ट्रिप विकून हा ताप कोण घेणार? म्हणून छोटी दुकानं ठेवत नाहीत.

आणि काउंटरवर कोण येतं ते बघा. वीस-बावीसची पोरं, औषधाचं नाव माहीत नसतं, कॅप्सूलचा रंग सांगतात. एकदा दिलं की दुसऱ्या दिवशी चार मित्र घेऊन हजर. नाही म्हटलं की शिव्या. मुरारवाल्यांचा भाऊ असाच कोणाच्या तरी काउंटरवरून नादी लागला असणार, हे मला पटतं.

पण मनातलं सांगू? मला जास्त भीती वाटते ती डायक्लोफेनॅकची, दुखण्याच्या नेहमीच्या गोळीची. कोणी त्याला व्यसन म्हणत नाही म्हणून लोक पेपरमिंटसारखं खातात. बीपीची गोळी, लघवी जास्त व्हायची गोळी आणि वर ही, अशी तिन्ही मिळून म्हाताऱ्या माणसाची किडनी बसवतात. त्यावर नणंदबाईंचा फोन येत नाही.

भूल देणारी

भूलतज्ज्ञ आहे, वेदनेची ओपीडीही बघते. दोघांनाही थोडं टोचेल असं लिहिते.

कॅन्सरचं दुखणं बाजूला ठेवा. तिथे मॉर्फीन वेळेवर न देणं हा अन्याय आहे, यात वाद नाही. पण कंबर, गुडघे, खुबा यांच्या जुन्या दुखण्यात या गोळ्या आपण समजतो तितक्या कामाच्या नाहीत. 2018 मध्ये अमेरिकेत 240 जणांवर वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला: एका गटाला अफूवर्गीय औषधं, दुसऱ्याला इतर. रोजच्या कामांत फरक नाही; दुखणं उलट दुसऱ्या गटात किंचित कमी, आणि त्रासही कमी.

मग काय करायचं? दुखण्याची जात ओळखायची. पायात सणक जाणारं दुखणं नसेचं आहे. त्याला ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन चालतात, पण घरचे डब्यातला कागद वाचतात, "ही तर डिप्रेशनची गोळी, आमची आई वेडी नाही" म्हणून परस्पर बंद करतात. व्यायाम लिहून दिला की "ते काय औषध झालं?" म्हणतात. आणि आधीच यांतलं काही चालू असताना वर ट्रामाडोल चढवलं तर मेंदूतलं सेरोटोनिन अति झाल्याचा त्रास आणि झटके यांचा धोका वाढतो. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा, हाडांचे वेगळे आणि मेंदूचे वेगळे असं करू नका.

दौलतगंजची सून

मॅडम, तो 2018 चा अभ्यास मीही शोधून वाचला. त्यात "इतर औषधं" दिलेल्या गटाला शेवटच्या पायरीवर ट्रामाडोलची मुभा होती ना? मग तो ट्रामाडोलविरुद्धचा पुरावा कसा झाला?

भूल देणारी

बरोबर पकडलंत. होती, आणि ती थोड्याच जणांना लागली. माझा मुद्दा क्रमाचा आहे: ट्रामाडोल शेवटच्या पायरीवर असावं, पहिल्या नाही. तुमच्याकडे ते वाजवी कारणाने शेवटच्या पायरीवर आलंय. किडनी नाजूक आहे म्हणून मात्रा आणि दोन गोळ्यांमधलं अंतर मात्र डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या, आणि दर भेटीला "याने काम किती सुधारलं" हा प्रश्न विचारा. तुळस, पूजा, तेच मोजमाप. उत्तर "काही नाही" आलं तर हळूहळू उतरवायचं, स्वतः एकदम तोडायचं नाही.

मुरारवाला

मॅडमचं पटलं, ताईंचं अजून पूर्ण पटत नाही. माझा भाऊ आता उपचारांवर आहे, व्यसन सोडवण्यासाठीचं ब्युप्रेनॉर्फिन देखरेखीखाली मिळतं, बरा आहे. पण तो घरात असताना आमच्याकडे कोणाचंही दुखणं असो, ही गोळी येणार नाही. तुम्ही याला भीती म्हणा. ताई, तुमच्या घरात कॉलेजात जाणारी पोरं असतील तर डबा देवघराच्या फडताळात ठेवू नका. भावाच्या मित्रांपैकी एकाने सुरुवात आजीच्या डब्यातून केली होती.

दौलतगंजची सून

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. आजच कपाटात कुलुपात ठेवते, किल्ली माझ्याकडे. पण सासूबाईंना "तुमच्यावर विश्वास नाही" असं वाटू नये, हे तुम्हीच सांगा कसं करायचं.

दालबाजार

सोन्याच्या पाटल्यांशेजारी ठेवा. मग मान वाटेल.

काउंटरच्या आतून

ताई, एक कामाचं. चिठ्ठी अस्सल आणि ताज्या तारखेची आणा, त्यावर किती गोळ्या ते आकड्यात आणि अक्षरात डॉक्टरांकडून लिहून घ्या. शेवटची गोळी संपली त्या रात्री येऊ नका, चार दिवस आधी सांगा. आम्हाला मागवावं लागतं. एकाच दुकानाला धरून राहा, तोंडओळख झाली की कोणी चिठ्ठी उजेडात धरत नाही. तुमच्या भागात कोणी ठेवत नसेल तर लष्करातल्या बाड्याच्या बाजूला या, मी ठेवतो.