शब्दचर्चा: टर्नटेबलच्या ‘प्लिंथ’ला मराठीत काय म्हणावे?

भुईकोट
सोलापुरात जुन्या-नव्या टर्नटेबलांची, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रांची, एक छोटी मांडणी करायची आहे. प्रत्येक यंत्रापुढे चार ओळींची मराठी पाटी असेल आणि तिच्यात यंत्राच्या रूपाबद्दल लिहायचे आहे, आवाजाबद्दल नाही. बाकीचे शब्द बसले, एक अडला: प्लिंथ, म्हणजे यंत्राचे बाकी भाग ज्यात किंवा ज्यावर बसवतात तो खालचा भाग. बांधकामात प्लिंथला जोते म्हणतात, म्हणून पाटीवर ‘सागवानी जोते’ असे लिहिले. ते वाचून एका मिस्त्रींनी हरकत घेतली. जोते जमिनीतून वर येते, त्यावर भिंत उभी राहते, उचलून दुसरीकडे ठेवता येते ते जोते नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मग काय लिहावे?

कंबरतलाव
बैठक. समईची बैठक, पुतळ्याची बैठक, तशीच टर्नटेबलची. सोलापुरात कुणालाही कळेल.

सागवानी
बैठक सगळीकडे चालणार नाही. प्लिंथ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू येतात, आणि यंत्र कसे दिसते ते त्यावरच ठरते.

१९५४ चे गॅरार्ड ३०१ घ्या. ते इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातून प्लिंथशिवाय आणि आर्मशिवाय (आर्म म्हणजे सुई धरणारा दांडा) विकले जाई. ओतीव ॲल्युमिनियमची चासी (सांगाडा), खाली मोटर, वर जड प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी), एवढेच मिळे. लाकूडकाम गिऱ्हाइकाने सुताराकडून करून घ्यायचे. म्हणून दोन ३०१ शेजारी ठेवली तर क्वचितच सारखी दिसतात. तिथे प्लिंथ म्हणजे सुताराने केलेली पेटी.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ मध्ये प्लिंथ वेगळी काढताच येत नाही. वर ओतीव ॲल्युमिनियम, खाली जड रबर, दोन्ही मिळून यंत्राचे अंग. वजन सुमारे १२.५ किलो. लिन एलपी१२ मध्ये बाहेरून दिसणारे लाकूड ही नुसती चौकट असते. प्लॅटर आणि आर्म आतल्या उपचासीवर, आणि ती तीन स्प्रिंगांवर तोललेली. चौकटीवर टिचकी मारली तरी सुईला धक्का लागू नये, हा हेतू. रेगाच्या यंत्रांत प्लिंथ म्हणजे मुद्दाम हलकी ठेवलेली फळी.

तेव्हा पेटी, अंग, चौकट, फळी. जे आहे ते लिहा.

शब्दनिष्ठ
एका भागाला चार पाट्यांवर चार नावे दिली तर वाचणाऱ्याला तो एकच भाग आहे हे कळणार कसे? परिभाषा म्हणजे एका गोष्टीला एक नाव. ‘पीठ’ हा छोटा आणि स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे. आणि आधी बाकीच्या पाट्या तपासा. टर्नटेबल, प्लॅटर, टोनआर्म, रेकॉर्ड. यातले मराठी काय उरले? ध्वनिमुद्रिका हा शब्द असताना रेकॉर्ड कशाला?

धोटा
पीठ लिहिलं तर लोक गिरणीची पाटी समजतील. आणि ध्वनिमुद्रिका कुठं म्हणतात? पुस्तकात. दुकानात आणि घरात तबकडीच म्हणतात.

प्लॅटरला शब्द शोधायचीच गरज नाही, तो आपल्याकडं आहे: तबक. ओवाळायचं तबक, पानसुपारीचं तबक. मोठं ते तबक, त्यावर ठेवलेली लहान ती तबकडी. टेक्निक्सचं तबक ३३२ मिमीचं आणि एलपी रेकॉर्ड ३० सेंटीमीटरची. कडेनं तबक उघडं राहतं, आणि त्या यंत्राचं सगळं सौंदर्य त्या उघड्या कडेवर आहे. प्लॅटर म्हटलं की हे नातं दिसत नाही.

शब्दनिष्ठ
तबक हा मूळचा अरबी शब्द आहे, फारसीतून आपल्याकडे आला. इंग्रजी काढून अरबी बसवण्यात मराठीचे काय साधले?

धोटा
ज्या शब्दाला ‘डी’ लावून मराठीनं स्वतःचा नवा शब्द केला तो मराठीचाच. सोलापुरात थाळीला कन्नडवाले तट्टे म्हणतात, तेलुगूवाले पळ्ळेम म्हणतात, मराठीवाले ताट म्हणतात. कुणी कुणाला मूळ विचारत बसत नाही.

कंबरतलाव
तबकला पाठिंबा, पण तबकडीची एक अडचण आहे. जुन्या टेलिफोनची आकड्यांची चकती तबकडी, घड्याळाचा चेहरा तबकडी, आकाशात उडते तीही तबकडी. ३०१ वर वेग निवडायचा गोल खटका आहे. पाटीवर ‘तबकडी फिरवून वेग निवडा’ असे वाचून कुणी रेकॉर्डला हात लावला तर? खटक्याला ‘चकरी’ म्हणा किंवा सरळ नॉब. नॉब सगळ्यांना कळतो.

भुईकोट
तबक घेतले, नॉब घेतला. आता मधल्या टोकाला काय म्हणायचे, ज्यात रेकॉर्डचे भोक बसते? पाटीवर सध्या ‘खुंटी’ आहे.

धोटा
खुंटी नको, चाती म्हणा. चरख्याची चाती स्वतः फिरते. खुंटी भिंतीत रोवलेली असते, ती कधी फिरत नाही. सूतगिरण्यांच्या गावात चाती सोडून खुंटी लिहायची म्हणजे फारच झालं.

सागवानी
चाती बहुतेक यंत्रांत बरोबर बसते, कारण तिथे खालचा दांडा, तबक आणि वरचे टोक एकत्र फिरतात. दांडा खालच्या नळीत बसतो आणि तळाच्या टेकणावर (बेअरिंगवर) सगळा भार येतो. मात्र काही यंत्रांत हे उलटे असते. मिशेलच्या गायरोडेकमध्ये दांडा खाली घट्ट बसवलेला असतो, त्याच्या माथ्याशी टेकण आणि तबकाची नळी वरून त्यावर उतरते. फिरते ती नळी. तिथे स्थिर दांड्याला चाती म्हणता येणार नाही. त्याला ‘आस’ म्हणा आणि वरच्या टोकाला चाती.

हा भेद नुसत्या शब्दाचा नाही. उलट्या टेकणामुळे भार तबकाच्या गुरुत्वमध्याजवळ येतो, तबक डुगडुगत नाही. म्हणूनच गायरोडेकला तबकाच्या परिघावर खाली सोनेरी वजने लावणे परवडते, आणि ती वजने फिरताना दिसणे हेच त्या यंत्राचे रूप.

पाचबोटे
सगळे भागांची नावे ठरवताहेत, पण पाटी रूपाबद्दल आहे ना? ‘आकर्षक’, ‘मनमोहक’ हे शब्द आधी काढून टाका, त्यातून काहीच दिसत नाही. आपल्याकडे ‘घाट’ हा नेमका शब्द आहे. तांब्याचा घाट, दागिन्याचा घाट. ‘डिझाइन’ या अर्थी रचना, संकल्पन, अभिकल्प यांपेक्षा घाट जवळचा, कारण त्यात हाताने घडवणे आणि डोळ्यांनी तोलणे दोन्ही येते.

आणि घाट कशामुळे झाला ते लिहा. १९५६ चे ब्राउन एसके४ हे हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांचे काम. पत्र्याचे पांढरे अंग, दोन बाजूंना लाकूड, वर पारदर्शक झाकण. झाकण आधी पत्र्याचे करायचे होते, पण मोठ्या आवाजात पत्रा थरथरे. म्हणून ॲक्रिलिक आले. आज आपण ज्याला टर्नटेबलचा चेहरा म्हणतो ते काचेसारखे झाकण अशा कारणाने रुळले. जर्मन लोकांनी त्याला हिमगौरीची शवपेटी म्हटले.

१९७२ चे बँग अँड ओलुफ्सेनचे बिओग्राम ४००० याकोब येन्सेनचे. त्यात दोन समांतर दांडे आहेत. पहिल्यावर सुई नाही, तो प्रकाश टाकून तबकावर रेकॉर्ड आहे का आणि केवढी आहे ते पाहतो. तबकावरच्या काळ्या पट्ट्या शोभेच्या वाटतात, पण रिकामे तबक ओळखता यावे म्हणून त्या आहेत. असे लिहिले की बघणारा पुन्हा वाकून पाहील.

शब्दनिष्ठ
घाट उत्तम, तो मला पूर्ण मान्य आहे. टोनआर्मला मात्र ‘दांडा’ नको. हात, बाहू, भुजा असे तीन शब्द आहेत. भुजा कोपरात वाकते, म्हणून इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या आर्मला भुजा शोभते.

सागवानी
मग रेगाच्या सरळ आर्मला काय म्हणणार? आर्म वाकडा असण्याचे कारण वेगळे आहे. सुई फिरते त्या चापाला रेकॉर्डच्या खाचा सगळीकडे नीट स्पर्शरेषेत मिळत नाहीत, म्हणून कार्ट्रिज (सुई बसवलेला पुढचा भाग) आर्मच्या रेषेशी तिरका बसवावा लागतो. एस आकारात तो तिरपेपणा नळीच्या वळणातून मिळतो, सरळ आर्ममध्ये पुढच्या टोकालाच तिरके केलेले असते. टेक्निक्समध्ये आर्म ज्यावर फिरतो त्या खिळीपासून चातीपर्यंत २१५ मिमी, खिळीपासून सुईपर्यंत २३० मिमी. म्हणजे सुई चातीच्या १५ मिमी पुढे जाते. वळण पाहून ‘हा आर्म जास्त चांगला’ असे कुणी म्हणू नये. ‘हात’ लिहा, दोन्हींना चालेल.

पाचबोटे
त्या उघड्या कडेवरच्या ठिपक्यांचेही लिहा. एमके२ च्या कडेवर ठिपक्यांच्या चार ओळी आहेत, लाल दिव्यात त्या पाहायच्या. मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली की मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग बरोबर. बाकीच्या तीन ओळी अधिक ६, अधिक ३.३ आणि उणे ३.३ टक्क्यांच्या. हा दिवा क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालतो, घरच्या विजेवर अवलंबून नाही.

३०१ ला कागदी ठिपक्यांची चकती वापरणार असाल तर ती ५० हर्ट्झची घ्या. आपल्याकडे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. अमेरिकेहून आलेल्या ६० हर्ट्झच्या चकतीवर २१६ असतात, ती इथे चुकीचे दाखवील. आणि एलईडी बल्बखाली पाहू नका, पुष्कळ एलईडी नीट लुकलुकत नाहीत. निऑनचा छोटा दिवा आणा.

कंबरतलाव
अमेरिकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिकडून आणलेले पट्ट्याचे यंत्र असेल आणि मोटर सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) असेल तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेऱ्या होतील आणि गाणे जड, खालच्या पट्टीत वाजेल. मोटरवरची पुली ५० हर्ट्झची बसवावी लागते.

धोटा
पट्ट्याचं म्हणालात ते बरं झालं. पाटीवर ‘बेल्ट ड्राइव्ह’ लिहू नका. मागाला पट्टा, चक्कीला पट्टा, तसा याला पट्टा. ‘पट्ट्यावर चालणारे’ लिहिलं की झालं. ३०१ ला ‘रबरी चाकावर चालणारे’, टेक्निक्सला ‘थेट मोटरवर’.

भुईकोट
३०१ ची पेटी इथेच करून घ्यायची आहे. सुताराला काय सांगू?

सागवानी
पोकळ खोके करू देऊ नका, ते घुमते. १८ मिमी प्लायचे पाच थर, एकूण ९० मिमी. चासीच्या खड्ड्याचा साचा आधी ६ मिमी एमडीएफमध्ये कापून चासी बसवून पाहा. मग प्रत्येक थर जिगसॉने साच्याच्या दोन-तीन मिमी आत कापायचा आणि उरलेले राउटरने साच्याला धरून काढायचे. खालच्या थरांत मोटरभोवती भरपूर जागा सोडा. ती मोटर स्प्रिंगांवर लोंबते, लाकडाला टेकली की तिची घरघर थेट सुईत येते.

सागवानी व्हीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) वर लावाल तर तळालाही काहीतरी लावा. एकाच बाजूला लावले तर आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ती बाजू ओढते, कडा उचलतात. पॉलिश करताना कापलेल्या कडा विसरू नका, ओल आणि ऊन तिथूनच आत शिरते. शेवटी पाणसळ लावायची ती पेटीवर नाही, तबकावर, दोन दिशांना.

शब्दनिष्ठ
पाणसळ! याला स्पिरिट लेव्हल म्हणणारे सुतार मराठी असूनही हा शब्द विसरले. पाटीवर हा शब्द जरूर यावा.

पाचबोटे
झाकणाचे राहिले. डस्ट कव्हरला ‘धूळकवच’ असे कुठेतरी वाचले, ते कृत्रिम वाटते. झाकणच म्हणा. मांडणीआधी जुनी झाकणे चकचकीत करायची तर क्रम असा: ओरखडे खोल असतील तर पाण्याच्या कागदाने ओलेच ८००, मग १२००, मग २०००, प्रत्येक वेळी आधीच्या घासण्याला आडवे. नंतर प्लास्टिकचे पॉलिश मऊ कापडाने. स्पिरिट किंवा थिनर अजिबात लावू नका, ॲक्रिलिकवर बारीक भेगांचे जाळे येते आणि ते परत जात नाही. रोजची धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, घासल्याने वीज साठते आणि दुप्पट धूळ ओढली जाते. किंचित ओले मायक्रोफायबर पुरे.

सागवानी
बिजागरीचे स्क्रूही फार आवळू नका. झाकण तडकते ते जवळपास नेहमी त्या भोकापासूनच. स्क्रूखाली रबराची चकती घाला. आणि रेकॉर्ड वाजताना झाकण काढून बाजूला ठेवा. बंद झाकण खोलीतला आवाज झेलते आणि बिजागरीतून पेटीत सोडते.

कंबरतलाव
हे मान्य नाही. सोलापूरची उन्हाळ्यातली धूळ वीस मिनिटांत रेकॉर्डवर बसते आणि सुईखाली दळली जाते. झाकण बंदच हवे. घुमण्याची भीती असेल तर स्पीकर वेगळ्या टेबलावर ठेवा, दोन्ही एकाच फळीवर ठेवून झाकणाला दोष देऊ नका.

सागवानी
अर्धवट उघडे ठेवणे मात्र दोघांच्या मते चुकीचे असावे. तेव्हा धूळही येते आणि झाकण मोकळ्या पत्र्यासारखे हलतेही. मांडणीत एकतर पूर्ण बंद ठेवा, नाहीतर बिजागरीतून वर सरकवून काढूनच घ्या. स्पीकरची जागा ठरली की मगच काय ते ठरवता येईल.