जेवणाची वेळ: प्राणी, कीपर आणि आपण

लहानपणी महाराजबागेत माकडांना फुटाणे टाकले नाहीत, असा आमच्या पिढीचा नागपूरकर शोधून काढावा लागेल. भोसल्यांच्या त्या बागेत प्राणिसंग्रहालय आलं 1894 मध्ये, फुटाण्यांचा पुडा बहुतेक दुसऱ्या दिवशीच आला असावा. परवा नातवासोबत गेले, तर तो पाटी वाचून म्हणाला, "आजी, खाऊ घालू नये लिहिलंय." म्हटलं, मग घालतं कोण ते तरी बघू. तासभर थांबलो. अस्वलासाठी भोपळा घेऊन आलेल्या भाऊंनी सांगितलेली गोष्ट मला सत्तरीत पहिल्यांदा कळली: अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. "त्या फटीतून वाळवी ओढते बाप्पा, व्हॅक्यूमच्या मशीनसारखी."

तर सांगा, खाऊच्या वेळी तुम्ही कुठे काय पाहिलं, कोणाच्या तोंडून काय ऐकलं? गाव कुठलंही चालेल, पण ऐकीव नको.

सेमिनरी हिल्स, पशुवैद्यकीयचा विद्यार्थी

लोकांना वाटतं, वाघापुढे मांस टाकलं की काम झालं. मी पोस्टिंगमध्ये पाहिलं ते असं. दारात लाल औषधाच्या गुलाबी पाण्यात बूट बुडवायचे. मांस तोलायचं, साधारण आठ-दहा किलो. वाघाला रात्रीच्या खोलीत घेऊन कडी लागलीय का ते दोनदा बघायचं, मग जेवण. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. उरलेलं गोळा करून परत तोलायचं आणि वहीत लिहायचं. माझ्यासोबतचे काका सलग दोन दिवसांचे आकडे बघून म्हणाले, "डॉक्टरले बोलवा, दाढ दुखून राह्यली." वाघ दिसायला ठणठणीत होता. दाढच निघाली!

आठवड्यातून एक दिवस वाघाचा उपास असतो. जंगलात तरी रोज कुठे शिकार मिळते? एकदा मिळाली की तीस किलोही संपवतो, मग दोन-चार दिवस नुसता पडून. उपासाच्या दिवशी येणारे लोक मात्र "उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला" म्हणून काकांवर चढायचे.

2024 च्या डिसेंबरात इथे नागपुरातच, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात, बर्ड फ्लूने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, तेव्हापासून मांस कुठून आलं हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं.

प्रतापनगर

माझा अनुभव चार ओळींचा. चितळांना ढेप-चुणी टाकणाऱ्या दादांना मुलीने विचारलं, याचं एक शिंग कोणी तोडलं? "कोणी नाही तोडलं. दरवर्षी झडतात, नवीन येतात. काळविटाची नाही झडत, ती जन्मभराची." मग नव्या शिंगावरची मखमल दाखवली. मुलगी आता प्रत्येक चित्रातलं हरीण तपासते, वैताग आहे.

धरमपेठ, सध्या अर्धं वर्ष लेकीकडे

एडिनबराच्या प्राणिसंग्रहालयात 2019 मध्ये पेंग्विनांची मिरवणूक पाहिली. 1951 मध्ये एका कीपरकडून फाटक उघडं राहिलं, पेंग्विन त्याच्या मागोमाग निघाले, लोकांना मजा वाटली आणि प्रथाच पडली. माशाचं आमिष नाही, हाकलणं नाही. ज्याला यायचं तो येतो. त्या दिवशी सहाच आले. तिथल्या एका पेंग्विनाला नॉर्वेच्या राजाने 2008 मध्ये 'सर' केलंय. यजमान म्हणाले, आमच्या ऑफिसात तीस वर्षांत कोणाला बढती नाही आणि हे बघ.

नंदनवन

सगळंच गोड नको, म्हणून एक कडू. गावाचं नाव लिहीत नाही. बाहेरगावच्या एका ठिकाणी 'फीडिंग शो' होता. माइकवरचा माणूस टाळ्या मागत होता, गाणं लावलं होतं, आणि बिबट्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसलेला. मांस तसंच पडलं. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, गोंगाट करणं, सगळं वन्यजीव कायद्याच्या कलम 38-जे मध्ये मना आहे. 1991 च्या दुरुस्तीतलं कलम आहे, नवीन नाही. मी तक्रारवही मागितली, ती सापडेना.

काटोल रोड

गोरेवाड्याच्या सफारीत (26 जानेवारी 2021 पासून सुरू आहे) खाऊबिऊ काही नाही, बसमध्ये बसा आणि बघा. आमची पोट्टी फुरंगटली. मग ड्रायव्हरदादाने गाडी हळू करून एक वारूळ दाखवलं, बाजूने पंजाने उकरलेलं, माती अजून ओली. "सकाळचा नाश्ता झाला त्याचा." अस्वल दिसलंच नाही. तरी घरी येऊन पोरं त्या वारुळाचंच बोलत होती. वरच्या आजींच्या दातांची गोष्ट आता त्यांना सांगते.

महाल

मगर थंडीत जवळपास जेवतच नाही. कीपर म्हणाले, "अंग गार, पोट गार. खाल्लं तर आतच सडेल." डिसेंबरात दगडासारखी पडलेली मगर बघून मी मेली-मेली म्हणून ओरडलो होतो, हे इथे लिहायला नको होतं.

सक्करदरा, कीपरची मुलगी

माझे बाबा प्राण्यांवरच होते, कुठे ते राहू द्या. दिवाळीच्या दिवशीही आधी तिथलं जेवण, मग आमचा फराळ. घरी आले की हात धुवायच्या आधी आमच्या ताटात काय उरलं ते बघायचे. दोन दिवस पोळी उरली की आईला विचारणार, "पोट्टी काहून खाऊन नाही राह्यली?"

रिटायर झाल्यावर एकदा तिकीट काढून घेऊन गेले त्यांना. गर्दीत शेवटी उभे राहिले. वाघ पाठ करून झोपलेला. मी म्हटलं, हाक मारा ना, ओळखेल. तर मलाच दटावलं: "जेवून झोपलाय. उठवू नको."